स्पितीच्या वरच्या गावांतले होमस्टे: कुठे राहावं, काय मिळतं, काय बिघडतं

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात राहायचे तीन पर्याय आहेत: काझा या खोऱ्यातल्या मुख्य गावातली हॉटेलं, हंगामी तंबू आणि वरच्या गावांमधली घरं. हे परीक्षण तिसऱ्या पर्यायाचं. लांगझा, कोमिक, डेमुल, ल्हालुंग, धनकर, किब्बर, पिन खोऱ्यातलं मुद, अशा गावांत लोक राहत्या घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात, घरात शिजलेलंच जेवायला वाढतात आणि माणशी पैसे घेतात. स्पितीत पैसे मोजून जे जे मिळतं त्यात सर्वांत मोलाची गोष्ट ही. फक्त एका गावात किमान दोन रात्री राहायला हवं.

दोन रात्री का? काझाहून निघणाऱ्या टॅक्सी सकाळी दहाच्या सुमारास वर पोचतात आणि दुपारी तीन-चारपर्यंत उतरतात. उन्हाळ्यात नेमक्या त्याच वेळात गावातली कामाची माणसं शेतावर असतात आणि गुरं वर चरायला गेलेली असतात. दिवसाच्या फेरीत दिसतात ती बंद दारं, बुद्धाची मूर्ती आणि इतर पर्यटक. गुरं परत येतात संध्याकाळी, दूध काढणं त्यानंतर, पाटाचं पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं याचं बोलणं त्याच्याही नंतर. पहिली रात्र विरळ हवेत डोकं जड होण्यातच जाते, गाव कळायला लागतं ते दुसऱ्या दिवशी.

दर साधारण माणशी हजार ते दीड हजार रुपये, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. स्वतंत्र बाथरूम असलेली नवी खोली घेतली की आकडा वाढतो. दुपारचं जेवण धरलेलं आहे का, हे आधीच विचारा, कारण दुपारी घरात कोणी नसतं आणि डबा हवा असेल तर आदल्या रात्री सांगावं लागतं. सह्याद्रीत पाचनईला किंवा रतनवाडीला घरगुती ताटाचे पैसे देऊन जेवलेल्या माणसाला ही रीत नवी वाटणार नाही. घासाघीस मात्र करू नका. तांदूळ, डाळ, तेल, गॅसची टाकी, सगळं शेकडो किलोमीटर घाटातून येतं, आणि पाहुण्यांचा हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा.

घर

जुनं स्पिती घर जाड मातीच्या विटांचं, दुमजली, चुन्यानं पांढरं केलेलं, सपाट धाब्याचं. धाब्याच्या कडेनं जळणाच्या काटक्या आणि सुका चारा रचलेला असतो. तळमजल्यावर गुरं आणि साठवण, वर माणसं. खांब आणि तुळया पॉप्लर आणि विलोच्या, कारण खोऱ्यात दुसरं लाकूड जवळजवळ नाहीच. खिडक्या लहान. बऱ्याच घरांनी आता दक्षिणेकडे काचेची खोली काढली आहे. दिवसभर ऊन तिथे साठतं आणि रात्री आतल्या खोल्या थोड्या कमी गारठतात. खोली निवडायची संधी मिळाली तर अशा काचेच्या खोलीला लागून असलेली घ्या. काँक्रीटची नवी खोली फोटोत चकचकीत दिसते आणि रात्री बर्फासारखी गार पडते, मातीच्या भिंतीची खोली दोन रजयांत निभावते.

घराचं खरं केंद्र स्वयंपाकघर. मधोमध पत्र्याची बुखारी, म्हणजे जळणावर चालणारी बंद शेगडी, तिचा धुराडा धाब्यातून वर, भोवती जाड गालिचे आणि बुटकी चौरंगासारखी टेबलं. झोपायच्या खोलीत सहसा बुखारी नसते. त्यामुळे संध्याकाळी सगळं घर, पाहुण्यांसकट, स्वयंपाकघरात बसतं, आणि होमस्टेचे अर्धेअधिक पैसे तिथेच वसूल होतात. बुखारीजवळची उबेची जागा घरातल्या वडीलधाऱ्यांची असते. जिथे बसवतील तिथे बसावं. बुखारीत प्लास्टिकची पाकिटं, टिश्यू, खरकटं टाकू नका. चूल पवित्र मानतात, आणि बंद खोलीत जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर विरळ हवेत फारच त्रासदायक होतो.

स्वतःची स्लीपिंग बॅग न्यायची गरज नाही. आतलं सुती अस्तर मात्र जरूर न्या, कारण जड रजया रोज धुण्याइतकं पाणी तिथे कोणाकडेच नसतं. जुलैतसुद्धा रात्री लोकरी टोपी लागते. सप्टेंबरच्या शेवटी पारा शून्याखाली जायला लागतो. विजेचा भरवसा धरू नका, पॉवर बँक लागतेच, आणि थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते म्हणून रात्री फोन पांघरुणात ठेवा.

ताटात काय

रोजचं जेवण डाळ, भात, पोळी, बटाटा-मटारची भाजी. जुलै-ऑगस्टमधला मटार हे स्पितीचं नगदी पीक, आणि तिथला ताजा मटार इतका गोड असतो की शेतातून आणून नुसताच सोलून खातात. पण हेच जेवण रोज वाढलं जातं, कारण 'शहरी पाहुण्यांना हेच चालतं' असा समज पक्का झाला आहे. थुक्पा (शेवयांचं दाट सूप), तिंगमो, मोमो किंवा सातूचा एखादा प्रकार हवा असेल तर सकाळी निघतानाच सांगा. पीठ मळणं, भाजी चिरणं, गोळे वाफवणं याला वेळ लागतो, रात्री आठ वाजता सांगून ते होत नाही. तिंगमो, म्हणजे वाफवलेला बिनसारणाचा पाव, आदल्या दिवशी सांगितला तर उत्तम फुगतो.

जवाला तिथे मोठा मान. भाजलेल्या जवाचं पीठ म्हणजे त्सांपा. लोणी-मिठाच्या चहात कालवून त्याचा गोळा करून खातात. हा चहा लाकडी उभ्या नळकांड्यात घुसळून करतात. चहा म्हणून प्यायलात तर पहिला घोट विचित्र लागेल, सूप समजून प्या, आवडेल. कोरड्या हवेत सारखं पाणी जातं, त्यामुळे हे खारट, तुपकट पेय अंगालाही मानवतं. कप रिकामा दिसला की लगेच भरतात. नको असेल तर भरलेला तसाच राहू द्या आणि निघताना संपवा. जवाची छांग आणि अरक ही घरगुती दारूही घरोघरी असते. उंचीवरच्या पहिल्या दोन रात्री तिला हात लावू नका, झोपेत श्वास आणखी मंदावतो.

सव्वाचार हजार मीटरांवर पाणी साधारण ८५-८६ अंशांनाच उकळतं. डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही आणि कुकरलाही जास्त शिट्ट्या लागतात. भात थोडा कणीदार लागला तर दोष स्वयंपाकाचा नसतो. शाकाहारींची अडचण होत नाही, फक्त 'मांसाचं पाणीही नको' हे थुक्प्याच्या बाबतीत स्पष्ट सांगा. उपवास असेल तर बटाटा आणि दूध-दही मिळेल, साबुदाणा-वरी घरून न्यावी लागेल. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं बरोबर असेल तर उंचीवर मंदावलेली भूक परत यायला मदत होते. घरच्यांनाही वाढा, तिखट आवडीनं खातात.

कोरडा संडास

सगळ्यांत जास्त तक्रारी याच्या, आणि बहुतेक गैरसमजातून. जुन्या घरात संडास वरच्या मजल्यावर असतो: मातीच्या जमिनीत एक आयताकृती भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा, राखेचा, सुक्या शेणाचा ढीग आणि त्यात खोचलेलं फावडं. वापर झाला की त्या ढिगातली दोन-तीन फावडी खाली लोटायची. खालच्या बंद खोलीत वर्षभर ते कोरडं होत राहतं आणि वसंतात खत म्हणून शेतात जातं. वर्षाला एकच पीक येणाऱ्या उजाड जमिनीला हे खत मौल्यवान आहे. नीट वापरला तर हा संडास वास मारत नाही, आणि हिवाळ्यात नळ गोठले तरी अडत नाही.

बिघडतो तो पाण्यानं. बादलीभर पाणी आत ओतलं की खालचा ढीग कुजायला लागतो, वास सुटतो आणि खत वाया जातं. आपल्याला पाण्याशिवाय जमत नाही हे खरं. मग एक छोटी बाटली न्या, धुण्यापुरतं अगदी थोडं पाणी वापरा आणि नंतर माती नेहमीपेक्षा जास्त टाका. ओल्या टिश्यू आणि सॅनिटरी पॅड त्यात अजिबात टाकू नका. ते कुजत नाहीत आणि पुढच्या वर्षी घरातल्याच कोणाला तरी हातानं खतातून वेचावे लागतात. जाड पिशवीत भरून काझापर्यंत परत आणा.

पाहुण्यांच्या मागणीमुळे अनेक घरांनी आता फ्लशचे संडास आणि गीझर बसवले आहेत. सोय झाली, पण वरच्या गावांत पाणी बर्फाच्या वितळण्यावर आणि मोजक्या झऱ्यांवर अवलंबून असतं. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं की पुढच्या उन्हाळ्यात शेताच्या पाटालाच पाणी पुरत नाही. अशा गावात रोज शॉवर मागणं बरं नव्हे. एक बादली गरम पाणी, तेही एक दिवसाआड, हे प्रमाण ठीक. बहुतेक घरं सकाळी आठनंतर, ऊन चढल्यावर बादली देतात.

कोणतं गाव कोणासाठी

लांगझा साधारण ४,४०० मीटरांवर, काझापासून गाडीनं तासाभरात. मागे चाउ चाउ कांग निल्दा हे सहा हजार तीनशे मीटरांच्या वरचं शिखर, समोर बुद्धाची मोठी मूर्ती. हिमालय उभा राहण्याआधी इथे असलेल्या टेथिस समुद्राच्या काळातले सर्पिल शंखांचे जीवाश्म इथल्या शेल या काळ्या, थरांच्या खडकात सापडतात आणि मुलं ते विकायला आणतात. विकत घेऊ नका, उचलूनही आणू नका. मागणी वाढली की डोंगर उकरले जातात. घरं पुष्कळ आणि आयत्या वेळी जागा मिळायची शक्यता सर्वांत जास्त. दिवसा गजबज, संध्याकाळी पाचनंतर गाव गावाचं होतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना लांगझाच बरं.

कोमिक आणखी वर, ४,५८७ मीटर. मोजकी घरं आणि तिबेटी बौद्ध धर्मातल्या साक्य पंथाचा तांग्युद मठ. जागा भव्य, पण झोप वाईट लागते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आणि लहान मुलं बरोबर असलेल्यांनी कोमिक दिवसा पाहावं आणि झोपायला खाली यावं. वाटेतल्या हिक्किमला १९८३ पासून पोस्ट ऑफिस आहे, पिन कोड १७२११४. पोस्टकार्डाला तिकीट लावून टाकलं की पोचतं, मात्र किती आठवड्यांनी ते हवामान ठरवतं.

डेमुल आमच्या यादीत पहिलं. रस्ता लिदांगवरून वळणावळणानं चढतो, दिवसाची गर्दी इथवर येत नाही. गावानं होमस्टेसाठी पाळी ठरवली आहे: कोणत्या घरी उतरायचं हे पाहुणा ठरवत नाही, ज्या घराची पाळी असेल त्या घरी जायचं. त्यामुळे रस्त्याकडेचं एकच घर श्रीमंत झालं आणि बाकीची बघत बसली असं होत नाही. फोटो बघून खोली निवडायची सवय असलेल्यांना हे खटकतं. खोल्यांचा दर्जा घरागणिक कमी-जास्त असतो, हेही खरं. पण पाळीमुळे यजमानांत पाहुण्यांसाठी चढाओढ नाही, कोणी हात धरून आपल्या घरी ओढत नाही, आणि गावातल्या कोणत्याही घरात चहाला बोलावलं तर त्यामागे धंदा नसतो. संध्याकाळी गुरं, याक आणि झो (याक आणि गाय यांचा संकर) गावात परततात तेव्हा वाटेत उभे राहू नका, धाब्यावरून बघा. दुसऱ्या दिवशी गावामागच्या बालांगरीवर चढून जायचं. वरून स्पितीचं पात्र आणि पलीकडचे डोंगर एका नजरेत येतात.

ल्हालुंग लिंगटी नदीच्या खोऱ्यात, उंचीला सौम्य, शेतं भरपूर. इथल्या जुन्या देवळात भिंतींना उठाव देऊन घडवलेल्या रंगीत मूर्ती आहेत. किल्ली लामांकडे असते, ते शेतावर असतील तर थांबावं लागतं. आत टॉर्च न्या, फ्लॅश नको. वयस्कर आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर ल्हालुंग किंवा त्याहून खालचं ताबो.

धनकर ही स्पितीची जुनी राजधानी, सुमारे ३,८९० मीटर. कड्याच्या धारेवरचा मठ, खाली पिन आणि स्पितीचा संगम. राहायला मठाचं अतिथीगृहही आहे आणि घरंही. तळ्यापर्यंतची चढण तास-दीड तासाची. दृश्यासाठी धनकरला तोड नाही, गावजीवनासाठी ल्हालुंग-डेमुल सरस.

किब्बर मोठं गाव आहे, हिवाळ्यात हिमबिबट्या पाहायला येणाऱ्यांमुळे बारमाही चालतं. तेव्हाचे दर वेगळे आणि चढे असतात, कारण वाटाडे आणि दुर्बिणीतून शोध घेणारी माणसं त्यात धरलेली असतात. मुद पिन खोऱ्यातलं गाडीरस्त्याचं शेवटचं गाव, सर्वांत हिरवं, पण तिथे आता गेस्टहाउसं जास्त आणि घरं कमी. 'होमस्टे' अशी पाटी काझातल्या चारमजली इमारतींवरही दिसते. ओळखायची खूण सोपी: घरमालकाचं कुटुंब तिथेच राहतं का, आणि जेवण त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मिळतं का, एवढं फोनवर विचारा.

गावातून गावात चालत

होमस्टेचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे तंबू-शिधा न वाहता गावोगाव चालत जाणं. लांगझा-कोमिक हिक्किममार्गे तीन-चार तास. कोमिक-डेमुल सहा ते आठ तास, साडेचार हजार मीटरांच्या वरच्या उघड्या माळरानातून. डेमुल-ल्हालुंग चार-पाच तास: आधी लिंगटी नदीपर्यंत गुडघे दुखवणारी उतरण, पूल, मग पलीकडची चढण. ल्हालुंग-धनकर चार-पाच तास, तुलनेनं सपाट.

कोमिक-डेमुल टप्प्यात माणसं चुकतात. माळरानावर गुरांच्या डझनभर पायवाटा आहेत, खूण म्हणावी असं झाड नाही आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. इथे स्थानिक वाटाड्या घ्याच, यजमान आदल्या रात्री ठरवून देतात. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, ओठांना मलम, आणि सकाळी सातच्या आत निघणं. दुपारनंतर वारा इतका सुटतो की चढणीवर पाऊल अडतं. वाटेत चोर्तेन (बौद्ध स्तूप) किंवा मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली की ती आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.

उंची

आपल्याकडच्या ट्रेकर्सची सर्वांत जास्त फसगत इथे होते. कळसूबाई १,६४६ मीटर, कोमिक तिच्या पावणेतीन पट. सह्याद्रीत कमावलेला दम पायांना उपयोगी पडतो, पण विरळ हवेची सवय व्यायामानं होत नाही, ती फक्त वेळानं होते. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये, हा नियम पाळला तर बहुतेकांना काही होत नाही.

म्हणून आधी सांगितलेली पदयात्रा उलट्या क्रमानं, म्हणजे धनकरहून लांगझाकडे करणं शरीराला चांगलं, जरी ल्हालुंग-डेमुल चढण अवघड जाते. शिमल्याहून शेजारच्या किन्नौर जिल्ह्याच्या बाजूनं आलात तर क्रम आपोआप जमतो: कल्पा २,९६० मीटर, मग नाको, ताबो सुमारे ३,२८०, धनकर, ल्हालुंग, आणि मग डेमुल. मनालीकडून येणारे एका दिवसात दोन हजारांवरून साडेतीन हजारांच्या वर चढतात. त्यात पहिलीच रात्र चंद्रताल तळ्याजवळ तंबूत, म्हणजे सव्वाचार हजारांच्या आसपास, ही सगळ्यांत वाईट योजना. मनालीकडून यायचंच असेल तर काझात दोन रात्री पूर्ण काढून मगच वर जा, चंद्रताल परतीला ठेवा.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ती घेतली तरी झोपायच्या उंचीचा नियम सुटत नाही. डोकेदुखी, मळमळ, झोपमोड हे पहिल्या रात्री बहुतेकांना होतं. डोकेदुखी गोळीनं थांबेना, उलट्या होऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. लांगझाहून काझाचं रुग्णालय तासाभरावर आहे. पण काझाहून तीन हजारांच्या खाली जायला बरेच तास लागतात, म्हणून लक्षणं लपवू नका. यजमानांकडून गावात गाडी कोणाकडे आहे हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.

पोचायचं कसं

मुंबई-पुण्याहून रेल्वेनं किंवा विमानानं दिल्ली किंवा चंडीगड. चंडीगडच्या सेक्टर ४३ च्या बसस्थानकातून हिमाचल परिवहनची रात्रीची बस रेकाँग पिओला जाते. पिओ-काझा सुमारे २०० किलोमीटर, सकाळच्या बसनं जवळजवळ सगळा दिवस. उतारूंनी उजवी-डावी खिडकी बघण्यापेक्षा चाकावरची जागा टाळावी. शिमला-किन्नौर बाजूचा रस्ता बहुतेक वर्षभर चालू असतो. मनालीचा रस्ता अटल बोगदा, ग्राम्फू, बातल आणि कुंझुम खिंडीवरून साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. ग्राम्फू-बातल भागात रस्ता कमी आणि दगडच जास्त. दुपारनंतर बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे.

स्पिती पर्जन्यछायेत आहे, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये खोऱ्यात ऊन असतं आणि शेतं फुललेली असतात. पण तिथवर जाणारा किन्नौरचा रस्ता याच महिन्यांत कोसळतो. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड बसवर आणि गाड्यांवर पडून अनेकांचा जीव गेला. या दिवसांत जायचं तर येताना-जाताना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा आणि परतीचं विमान काझातून निघायच्या दिवसाला चिकटवून काढू नका. सगळा विचार करता सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे सर्वांत चांगले: रस्ते स्थिर, कापणी चालू, आकाश स्वच्छ.

काझातून गावांकडे जाणाऱ्या बसचं वेळापत्रक गावकऱ्यांच्या सोयीचं आहे. बस दुपारनंतर काझाहून वर जाते, रात्री गावात मुक्काम करते आणि सकाळी लवकर खाली येते. एका दिवसात बसनं जाऊन येणं म्हणूनच जमत नाही, आणि होमस्टेला राहणाऱ्यांना मात्र तीच वेळ नेमकी सोयीची पडते. किब्बर आणि मुदची बस बऱ्यापैकी नियमित, वरच्या गावांची ठरावीक वारीच. नेमकी वेळ काझाच्या बसस्थानकात आदल्या दिवशी विचारा. टॅक्सी युनियनचे दर ठरलेले असतात, चार जण मिळाले की परवडतं. स्वतःची गाडी असेल तर पिओजवळ पोवारीला किंवा मनालीत टाकी भरा, नंतर काझाचा पंप.

काय खटकतं

नोंदणी हा कच्चा दुवा. फोनवर 'या' म्हणतात आणि नेटवर्क गेल्यावर मोठा गट दारात आला की तुमची खोली त्यांना जाते. हे मुद्दाम होत नाही, वही एकाकडे आणि फोन दुसऱ्याकडे असतो. काझातून निघायच्या सकाळी परत एकदा फोन करा. हिमाचलात इतर राज्यांची प्रीपेड सिम चालतात, लडाखसारखी पोस्टपेडची अट नाही. काझात बीएसएनएल आणि जिओ दोन्ही मिळतात, वर गेल्यावर सिग्नल येतो-जातो.

मोठ्या गटांसाठी होमस्टे चांगला नाही. सहापेक्षा जास्त माणसं एका घरात उतरली की घरची बाई दिवसभर चुलीपाशी अडकते आणि शेतातलं काम मागे पडतं. कापणीच्या दिवसांत तर हे फार जाणवतं. आठ जण असाल तर दोन घरांत विभागा. काही घरांत पाहुण्यांना वेगळ्या खोलीत टेबल मांडून वाढायची पद्धत पडू लागली आहे. 'आम्हीही तुमच्याबरोबर आत बसतो' असं सांगितलं की बहुतेक घरं आनंदानं आत घेतात.

बाटलीबंद पाणी आणि त्या बाटल्यांचा कचरा ही नवी डोकेदुखी. गावात कचरागाडी येत नाही. गाळणीची बाटली किंवा क्लोरीनच्या गोळ्या न्या, नाहीतर रात्री उकळलेलं पाणी मागून घ्या. आधी सांगितल्याप्रमाणे ते कमी तापमानाला उकळतं, तेव्हा उकळी आल्यावर तीन मिनिटं चालू राहू द्या.

पैसे रोख न्या, सुट्ट्या नोटांत. काझात एटीएम आहे पण ते अधूनमधून रिकामं असतं, आणि गावात क्यूआर कोड लावलेला असला तरी नेटवर्क नसताना तो निरुपयोगी. हिशोब घरच्या बाईंच्या हातात द्या, कारण काम त्यांनी केलेलं असतं. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींना, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, किन्नौर-स्पितीमधल्या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी इनर लाइन परवाना काढावा लागतो. तो रेकाँग पिओ, शिमला किंवा काझाला मिळतो. रविवारी आणि सरकारी सुट्टीला कार्यालय बंद असतं, म्हणून पिओला शनिवारी संध्याकाळी पोचू नका.